बेचाळीस नळ्या, मग एकतीस

प्रतिमा आमच्या धुलाईच्या खोलीत पहिल्यांदा आली ती सोमवारी, सोळा मे अठ्ठ्याऐंशीला, सकाळी पावणेआठ वाजता. तिला आठची वेळ दिली होती. पिंजौरहून पहिली बस धरून आली होती. खांद्याला कापडी पिशवी, तीत डबा आणि कोरी वही. मी नाव विचारलं, तिने हिंदीत सांगितलं. वडील श्रीराम, गाव बार्शीकडचं, हेही हिंदीतच. मी म्हटलं, बार्शीची आहेस तर माझ्याशी मराठीत बोलायचं. नळ्या हिंदीत मागितल्यास तर मिळणार नाहीत.

हे मी थट्टेने म्हटलं नव्हतं. चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत मी लॅब अटेंडंट होतो. बारा वर्षं फौजेत बॉयलरवर काढली, मग चौदा वर्षं इथे. काचेची भांडी धुणं, वाळवणं, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणं, हे माझं काम. दिवसभर कानावर हिंदी, पंजाबी, इंग्रजी. मराठी माणूस सापडलं की मी सोडत नसे.

प्रतिमाचे वडील परीट. एका पलटणीबरोबर धोबी म्हणून फिरत चंडीमंदिरच्या छावणीत आले. पलटण पुढे गेली, श्रीरामभाऊ पेन्शन घेऊन जवळच्या पिंजौरला राहिले. छावणीतल्या अफसरांच्या घरचे कपडे सायकलवर गाठोडं बांधून आणायचे, धुवायचे, इस्त्री करून पोचवायचे. घरात आईबाप मराठीत बोलत, ही हिंदीत उत्तर देई. सरकारी कॉलेजात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं होतं. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली.

आमच्या बुरशी विभागात दर उन्हाळ्यात कॉलेजची दोन मुलं अकरा आठवडे घेत. एका डॉक्टरच्या हाताखाली एकच काम, पण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मुलाने स्वतः करायचं. या दोन्ही जागा वर्षानुवर्षं प्रोफेसरांच्या नाहीतर डॉक्टरांच्या घरी जात. अर्ज कधी निघतो हे त्यांनाच कळायचं. वीणा मॅडम त्या डॉक्टरांतल्याच एक, नागपूरच्या, विभागात सहा वर्षं होत्या. त्या वर्षी त्यांनी अर्जाचा कागद स्वतः नेऊन सरकारी कॉलेजच्या फळ्यावर लावला. एक जागा अशा मुलाला द्यायची, ज्याच्या घरी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, असं त्यांनी विभागप्रमुखांपुढे लावून धरलं. साहेबांनी अट घातली. तीस जुलैला मुलीने आपलं काम सगळ्या विभागापुढे मांडायचं. काम पुरं झालेलं दिसलं तर जागा राहील आणि तिला पुढे वर्षभर, कॉलेज सांभाळून, ठेवून घेऊ. अपुरं दिसलं तर ती घरी जाईल आणि जागाही बंद.

मॅडमनी हे प्रतिमाला पहिल्याच दिवशी सांगितलं. काही लपवलं नाही.

दुसऱ्या जागेवर नरेश होता. प्रोफेसरांचा मुलगा. वाईट नव्हता, घाईचा होता.

मॅडमचा एक नियम होता. येणाऱ्या मुलाने पहिले तीन दिवस माझ्या खोलीत फक्त नळ्या धुवायच्या. प्रतिमाने हे ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. धुण्याच्या घरातून निघून धुण्याच्या खोलीत. नरेश म्हणाला, तुला सोपं आहे, घरचंच काम. तिने बाह्या वर केल्या. मॅडमच्या कानावर गेलं असावं. दुपारी त्या आल्या आणि तिच्या शेजारी उभं राहून त्यांनीही वीसेक नळ्या धुतल्या. म्हणाल्या, मी इथे आले तेव्हा याच सिंकवर आठवडा काढला होता. ज्याला नळी धुता येत नाही त्याने नळीत काय उगवलं हे सांगू नये.

सोड्याच्या पाण्यात उकळायचं, ब्रशने घासायचं, नळाचं पाणी सहा वेळा, उकळून थंड केलेलं शुद्ध पाणी दोन वेळा. मग नळी उजेडाकडे धरायची. पाणी सलग खाली उतरलं तर नळी स्वच्छ. काचेला थेंब चिकटून राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. नरेशच्या शंभर नळ्यांतल्या तीस मी परत दिल्या. प्रतिमाच्या पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एकही नाही. चौदा वर्षांत असं दोनदाच झालं होतं.

कामाचा विषय तिने स्वतः आणला. मॅडमनी विचारलं, तुझ्या आसपास कुठली बुरशी दिसते? ती म्हणाली, बाबांच्या पायांना चिखल्या होतात. मराठी शब्द तिला बरोबर आला, कारण घरात तो रोजचा होता. धोब्यांचे पाय तासन् तास पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, भेगाळते, खाजते. धोबीघाटावरच्या सगळ्यांना होतात, आणि सगळ्यांना दवाखान्यातून त्याच गोळ्या मिळतात. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. मॅडम म्हणाल्या, मग हेच काम. बेचक्यांतली कातडी बोथट ब्लेडने खरवडायची, काळ्या कागदाच्या पुडीत घ्यायची, नळीतल्या आगरावर, म्हणजे बुरशी वाढवायच्या घट्ट खळीवर, पेरायची. चार आठवडे थांबायचं. दर आठवड्याला बघायचं. अठ्ठाविसाव्या दिवशी जे उगवलं असेल ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं. त्याआधी काही सांगायचं नाही.

पिंजौरच्या ओढ्यावर तीसचाळीस धोबी कपडे धुवायचे. बहुतेक उत्तर प्रदेशाकडचे. प्रतिमाला सगळे लहानपणापासून ओळखत. तरी पहिल्या दिवशी तिला एकही पुडी मिळाली नाही. ती पुढे बसून पायाकडे हात नेई आणि समोरचा पाय मागे ओढून घेई. आपल्याकडे मुलगी बापाच्या पाया पडते. त्यांच्यात मुलीला पायाला हात लावू देत नाहीत. लावला तर पाप त्या माणसाला. हे तिला माहीत होतं, पण पायाची कातडी घेणं म्हणजे पाया पडणं नव्हे, असं तिने धरलं होतं. त्यांनी तसं धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे रबरी हातमोजे मागायला आली. मराठीत मागितले. मी जुनी जोडी उकळून दिली. घाटावर तिने सांगितलं, हात लागणार नाही, मोजा लागेल. सगळ्यांत म्हातारा धोबी होता, त्याला सगळे ताऊ म्हणत. तो म्हणाला, "और दस्ताने के अंदर किसका हाथ है, बिटिया?" लोक हसले. ती म्हणाली, आत सरकारी कॉलेजचा हात आहे. ताऊंनी जरा विचार केला आणि पाय दिला. मग बाकीच्यांनीही दिले.

आठ दिवसांत घाटावरच्या आणि आसपासच्या धोब्यांच्या बेचाळीस पुड्या झाल्या. वडिलांची त्यांत नव्हती. श्रीरामभाऊ म्हणाले, माझे पाय छावणीतल्या बंगल्यांच्या अंगणात फिरतात. धोब्याचे पाय सडलेत असं कुठे कागदावर यायला नको. तिने पुन्हा विचारलं नाही.

अठ्ठावीस मे, शनिवारी तिने बेचाळीस नळ्या पेरल्या. दर नळीवर पेन्सिलने क्रमांक आणि तारीख. मग रोज यायची, आठवड्यातून एकदा नळ्या बघून वहीत लिहायची, बाकी वेळ मॅडमजवळ बसून बुरशा ओळखायला शिकायची. तो काळ चांगला नव्हता. पंजाबातल्या अतिरेक्यांनी मागच्याच वर्षी बसमधून उतरवून माणसं मारली होती. संध्याकाळी सहानंतर पिंजौरकडच्या कालका रस्त्यावर बस मिळेल याचा भरवसा नव्हता. जागोजागी नाके, वाळूच्या पोत्यांमागे बंदुका. कधी बंद पुकारला जाई, कधी कर्फ्यू लागे. ती साडेचारला निघायची. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी लवकर येऊन करायची.

मराठीही सुधारत होती. "माझ्या पास ब्रश नाही" म्हणायची, मी "माझ्याकडे" म्हणायला लावायचो. "मी पाणी पिली" म्हणायची, मी पाणी द्यायचो नाही. मॅडम एकदा म्हणाल्या, विश्रामभाऊ, इतका छळ नको. मी ऐकलं नाही.

चोवीस जून, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अठ्ठाविसावा दिवस. त्या शुक्रवारी नळ्या ठेवायच्या खोलीत जंतू मारायला फॉर्मलिनची धुरी द्यायची होती. सगळ्यांनी आपापल्या नळ्या एका दिवसापुरत्या हलवल्या. डॉक्टरांच्या नळ्यांना डॉक्टरांच्या खोल्या होत्या. उन्हाळ्यापुरत्या आलेल्या मुलांना फळी नव्हती. नरेशच्या त्याच्या डॉक्टरने घेतल्या. मॅडम त्या दिवशी सकाळी परीक्षेच्या कामाला बाहेर गेल्या होत्या. प्रतिमाने तिचे दोन स्टँड उचलले आणि माझ्या खोलीत मोरीजवळच्या ओट्यावर आणून ठेवले. मी वाफेच्या पिंपाचं झाकण कसत होतो. ती घाईत होती, धुरीवाले दारात उभे होते. ती म्हणाली, "काका, हे कालचं आहे. इथे ठेवते."

मी हो म्हटलं.

आदल्या दिवशी तिने जुन्या शिकाऊ नळ्यांचे दोन स्टँड फेकायला काढले होते. ते अजून आले नव्हते. मी समजलो, हेच ते. फेकायच्या नळ्या आधी वाफेवर मारायच्या असतात. मी दोन्ही स्टँड पिंपात घातले. पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. त्यात जिवंत काही राहत नाही.

पाऊण तासाने ती परत आली आणि रिकाम्या ओट्याकडे बघत राहिली. मी पिंपातून तारेची टोपली काढत होतो. आगर वितळून नळ्यांच्या तोंडच्या कापसाच्या बोळ्यांना लागलं होतं. तिने विचारलं, "ये क्या किया, काका?" मी म्हटलं, कालचं आहे म्हणालीस ना. ती म्हणाली, "कलवाला। कल देखना था।"

तेव्हा मला कळलं. हिंदीत कल म्हणजे काल आणि कल म्हणजे उद्याही. घाईत तिने हिंदी शब्दाला मराठी कपडे घातले. तिला म्हणायचं होतं, उद्याचं आहे. हिंदीत बोलली असती तर मी उलट विचारलं असतं, कौनसा कल. मराठीत बोलली म्हणून विचारलं नाही. आणि मराठीत बोलायला मीच लावलं होतं.

पण माझी चूक एवढीच नव्हती. दर नळीवर तारीख होती. नळी पिंपात जाण्याआधी तारीख वाचायची, हा नियम मीच त्या खोलीत लावला होता. त्या दिवशी मी वाचली नाही.

ती रडली नाही. नळ्या एकेक करून उजेडाकडे धरल्या, सगळ्या बेचाळीस. मग वही काढून बसली, पण लिहिलं काही नाही. नरेश आला. त्याने सगळं ऐकलं आणि त्याच्या परीने मदतीचंच बोलला. तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी वहीत होत्या. चोवीस नळ्यांत उगवलं होतं. कुठली बुरशी एवढंच ओळखायचं राहिलं होतं. तो म्हणाला, पुस्तकात दिलंय की पायाच्या बोटांत बहुतेक गजकर्णाच्या जातीचीच असते. तेच लिही. नळ्या तर गेल्या, तपासणार कोण?

प्रतिमाने माझ्याकडे पाहिलं. मी पिंपाचं झाकण पुसत राहिलो. माझ्या चुकीतून सुटायची ती वाट मलाही दिसत होती, हे कबूल करतो. ती नरेशला म्हणाली, "मैंने देखा नहीं है।" बस, एवढंच.

मॅडम दोन वाजता आल्या. मी आधी सांगितलं की चूक माझी. प्रतिमा म्हणाली, शब्द माझा चुकला. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाल्या, जसं झालं तसं वहीत लिही, आजच्या तारखेला, शाईने. कुणाची चूक ते लिहू नकोस, काय झालं ते लिही. तिने लिहिलं. मग मॅडम कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. तीस जुलै शनिवार. अठ्ठावीस दिवस मागे मोजले तर दोन जुलै. आजपासून आठ दिवस.

मॅडम साहेबांकडे गेल्या. तारीख पुढे ढकलता येणार नाही असं उत्तर आलं. मला लेखी मेमो मिळाला. योग्यच होतं. परत येऊन मॅडमनी प्रतिमाला विचारलं, "पहिल्यापासून करशील का? मी कर म्हणणार नाही. थांबलीस तरी तुला कुणी नाव ठेवणार नाही."

"करेन," ती म्हणाली. मग बाह्या वर करून, "नळ्या आजच धुवून ठेवते."

मी म्हटलं, मी धुतो. म्हणाली, अर्ध्या तुम्ही धुवा.

आठांतले दोन दिवस बंदमध्ये गेले. तिसऱ्या दिवसापासून मी तीन दिवसांची रजा टाकली आणि ब्लेड, पुड्या, मोजे घेऊन तिच्याबरोबर पिंजौरला गेलो. चूक केली त्याने निदान पिशवी तरी उचलावी. घाटावर लोक पाय द्यायला तयार नव्हते. पहिली कातडी कुठे गेली, ताऊंनी विचारलं. तिने खरं सांगितलं, वाफेत शिजली. मग जो हशा झाला तो थांबेना. कुणी म्हणालं नमक डाला था, कुणी म्हणालं डॉक्टरनीला खायला घातली का. हसत होते, पण पाय पाण्यात ठेवून. एकदा दिली, पुन्हा कशाला? उद्या पुन्हा शिजवशील. मीही बोलून पाहिलं. शिजवणारा मीच, हे कळल्यावर माझं तर कुणी ऐकेचना.

श्रीरामभाऊ पलीकडच्या दगडावर चादरी आपटत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. चादर पिळून त्यांनी टोपलीत टाकली, पाण्यातून बाहेर आले आणि सगळ्यांच्या मध्ये एका उलट्या टबावर बसले. उजवा पाय पुढे केला. मुलीला म्हणाले, "घे. मोजे नकोत. आपल्यात चालतं."

तिने मोजे घातले. नियम होता. खाली बसून तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला. पाय वाईट होते. चौथ्या बोटाच्या बेचक्यात मांस दिसत होतं. अफसरांच्या घरी हे कधी कुणाला दिसलं नव्हतं, कारण सायकलवर निघताना ते मोजे आणि बूट चढवत. ती हळू खरवडत होती आणि ते ओढ्याकडे बघत होते. घाटावर कुणी हसलं नाही. पुडी मिटल्यावर ताऊ म्हणाले, चल भई, मेरा भी नंबर लगा.

तीन दिवसांत एकतीस पुड्या झाल्या. बाकीचे काही गावी गेले होते, काहींनी नाही म्हटलं ते नाहीच.

शेवटच्या दिवशी परतीची बस पोलिसांच्या नाक्यावर थांबवली. सगळ्यांना उतरवलं, पिशव्या उघडल्या. तिच्या पिशवीत ब्लेड आणि एकतीस काळ्या पुड्या. हवालदाराने एक पुडी उचलली, कानाशी हलवली. आत भुकटीसारखं काही खुळखुळलं. त्याने मागच्याला हाक मारली, बंदूक जवळ आली. पुडी उघडली तर नमुना वाया जाणार होता. मी पुढे झालो, मला मागे ढकललं.

"यह क्या है?"

"धोबियों के पैरों की चमड़ी है जी. बीमारी वाली. खोलेंगे तो आपको भी लग सकती है."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने मॅडमचं सहीशिक्क्याचं पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं की नाही देव जाणे. पुडी मात्र दोन बोटांनी धरून, जशी उचलली तशी परत ठेवली आणि हात पँटला पुसले. बसमध्ये बसल्यावर ती मला म्हणाली, "काका, लागत नाही तशी. मी त्याला घाबरवलं."  पुड्या मोजताना तिची मोजणी दोनदा चुकली म्हणून मी मोजल्या. एकतीस होत्या.

एक जुलैला पेरणी झाली. या वेळी स्टँडवर तिने पाटी लावली, जाड अक्षरांत, दोन्ही भाषांत: वाचायची तारीख २९ जुलै. मी माझ्या ओट्यावर दुसरी पाटी लावली. तारीख वाचल्याशिवाय पिंपात काहीही जाणार नाही. ती मी वाचायची होती, दुसऱ्या कुणी नाही.

आठ, पंधरा, बावीस जुलै, तिन्ही शुक्रवारी ती आली. एकोणतीसला पुन्हा बंद. बसा नाहीत, रिक्षा नाहीत, दुकानं बंद. मॅडम संस्थेजवळच्याच सेक्टरात राहत, त्या चालत आल्या. मी आदल्या दिवशीच येऊन धुलाईच्या खोलीत थांबलो होतो. नरेश संस्थेच्या आवारातच राहायचा, त्याचं काम पुरं झालं होतं. त्याने विचारलं होतं की ती नाही आली तर मी बघून लिहू का. मॅडम म्हणाल्या, पेरलं तिने, बघेलही तीच.

नऊ वाजले, दहा वाजले, अकरा. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढून ठेवलं होतं.  पावणेबारा वाजता ती दारात उभी. पिंजौरपासून छावणीपर्यंत वडिलांच्या सायकलवर, कपड्यांच्या गाठोड्यावर बसून. अफसरांचे कपडे आहेत म्हटल्यावर त्या रस्त्यावर त्यांना कुणी अडवलं नाही. पुढचं सगळं पायी. चपलेचा अंगठा तुटला होता, तो दोरीने बांधला होता. मॅडम म्हणाल्या, आधी पाणी पी, दहा मिनिटं बस. ती पाणी प्यायली. बसली नाही.

एकतीस नळ्या बघायला साडेपाच तास लागले. थोडीशी बुरशी काचेवर निळ्या रंगात ठेवायची, वर पातळ काच, मग बघायचं, चित्र काढायचं, नाव लिहायचं. मॅडम शेजारच्या स्टुलावर होत्या. तिने विचारलं तरच बोलायच्या, आणि बोलायच्या तेही उलट प्रश्न करून. नळी नववी का अकरावी असताना प्रतिमाने विचारलं, ही गजकर्णाची नाही ना? मॅडम म्हणाल्या, तुला काय दिसतं? तिने गोल पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब दाखवले. मॅडम म्हणाल्या, मग दिसतं ते लिही.

एकोणीस नळ्यांत उगवलं होतं. अकरांत गजकर्णाच्या जातीची. आठांत मात्र दुसरीच, खमिराच्या जातीची, जिच्यावर दवाखान्यातल्या त्या गोळ्या चालतच नाहीत. पुस्तकातलं लिहिलं असतं तर हे आठ जण त्याच गोळ्या खात राहिले असते. नरेशने वही पाहिली आणि म्हणाला, अच्छा हुआ तूने मेरी नहीं सुनी. हे तो आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला. मला तो त्या दिवसापासून आवडू लागला.

त्या रात्री ती मॅडमच्या घरी राहिली.

तीस जुलैला सकाळी दहाला सगळा विभाग जमला. मी मागे, स्लाइडच्या यंत्रापाशी. प्रतिमा दहा मिनिटं इंग्रजीत बोलली. इंग्रजी अडखळत होतं, काम अडखळत नव्हतं. बेचाळीस नळ्या चुकीने नष्ट झाल्या, त्या या मोजणीत नाहीत, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं. साहेबांनी तिथेच धरलं. बेचाळीसांपैकी चोवीस उगवल्याची नोंद तुझ्याकडे आहे. ते आकडे जोडले असते तर काम मोठं दिसलं असतं. का नाही जोडले?

तिने मॅडमकडे पाहिलं नाही. म्हणाली, उगवलं हे पाहिलं, पण काय उगवलं ते पाहिलं नाही. माझा प्रश्न काय उगवलं हा होता.

साहेबांनी आणखी चार प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिला आलं नाही, तिने येत नाही म्हणून सांगितलं. मग ते वही मागून घेऊन चाळत बसले. चोवीस जूनचं पान त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, नमुना लहान आहे. एकतीसवर मी कुणाच्या गोळ्या बदलणार नाही. एका वर्षात दोनशे करून दाखव. एक तारखेपासून ये.

म्हणजे जागा राहिली. त्या जागेवर पुढे दरवर्षी मुलं आली. पाटबंधाऱ्यातल्या बेलदाराची मुलगी, भाजीवाल्याचा मुलगा, एक तर आमच्याच झाडूवाल्याची पुतणी. प्रत्येकाला मी तीन दिवस नळ्या धुवायला लावल्या. प्रतिमा एम.एस्सी. झाली, तिने पुढे डॉक्टरेट केली आणि आता डोंगराकडच्या एका जिल्हा रुग्णालयात बुरशीची तपासणी तिच्या हाताखाली चालते. पण हे सगळं नंतरचं.

त्या शनिवारी दुपारी बसा सुरू झाल्या. तिला एकटीला सोडणं बरं वाटेना म्हणून मी पिंजौरपर्यंत गेलो. श्रीरामभाऊ अंगणात इस्त्री करत होते. त्यांनी विचारलं नाही, इस्त्रीही थांबवली नाही. तिने सांगितलं, वर्षभर ठेवलं. त्यांनी बाही घडी केली, दुसरी घेतली. आईने आतून पाणी आणलं.

"माझ्यात काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तुमच्या नळीत उगवलं नाही."

"म्हणजे पाय चांगले, का तुझं काम कच्चं?"

"दोन्ही असू शकतं. पुन्हा घ्यावं लागेल."

श्रीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत का विश्रामराव, वर्षभर घाटावर पायच बघणार ही."

"या वेळी नखंसुद्धा," ती म्हणाली. "नखांना सहा आठवडे लागतात." आणि पिशवीतून वही काढून दोनशे नमुन्यांसाठी रकाने आखायला बसली. सोमवारी पहिली बस साडेसहाला होती.